सहा लाखांची फी आणि तीन लाखांचा हप्ता

जुळे सोलापूरमधील 36 वर्षांच्या एका एम.डी. (मेडिसिन) डॉक्टरांचे पत्र आले आहे. खासगी रुग्णालयातून त्यांना महिना पावणेदोन लाख मानधन मिळते. त्यांना फार्मास्युटिकल मेडिसिनचा (नवी औषधे विकसित करणे, त्यांच्या चाचण्या आणि सुरक्षितता पाहणारी वैद्यकशाखा) दीड वर्षाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करायचा आहे आणि त्याची फी सहा लाख आहे. 2021 मध्ये घेतलेल्या तीन एन्डोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसी सरेंडर केल्यास, म्हणजे मुदतीआधीच मोडल्यास, जवळपास तेवढेच हाती येतात. तेव्हा त्या मोडाव्यात की शैक्षणिक कर्ज काढावे, एवढेच त्यांनी विचारले आहे.

डॉक्टरसाहेब, दोन्ही करू नका, कारण ही फी भरण्याचे कारणच मला दिसत नाही. माहितीपत्रकात ‘ब्रिटनमधील स्पेशालिस्टच्या तोडीचे प्रशिक्षण’ असे छापले आहे. ब्रिटनमध्ये या शाखेची फॅकल्टी (डॉक्टरांची व्यावसायिक संस्था) 1989 मध्ये स्थापन झाली आणि 2002 पासून ही शाखा स्वतंत्र विशेषज्ञता मानली जाते, हे खरे; परंतु तेथील प्रशिक्षण साधारण चार वर्षांचे असून, जनरल मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरला ते औषध कंपनीत किंवा तत्सम मान्यताप्राप्त ठिकाणी नोकरी करीत, देखरेखीखाली पूर्ण करावे लागते. क्लिनिकल ट्रायलची (माणसांवरील औषधचाचणीची) आखणी, दुष्परिणामांची छाननी आणि नियामकांपुढे मांडायची कागदपत्रे ही कामे प्रत्यक्ष करूनच शिकता येतात. आपल्याकडे या क्षेत्राला जवळच्या पदव्या म्हणजे एम.डी. फार्माकॉलॉजी आणि त्यापुढची डी.एम. क्लिनिकल फार्माकॉलॉजी. मेडिकल अ‍ॅडव्हायजरच्या (औषध कंपनीतील वैद्यकीय सल्लागाराच्या) पहिल्या नोकरीसाठी अर्ज करायला मात्र तुमची आजची पदवी पुरेशी आहे. म्हणून आधी नोकरी मिळवा. शिक्षणाचा खर्च कंपनी उचलते का, ते मुलाखतीतच विचारता येईल. तोवर गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचे (ट्रायल कशी करावी याच्या नियमांचे) छोटे प्रशिक्षण घ्या आणि सोलापुरातच एखाद्या ट्रायलमध्ये सहसंशोधक म्हणून काम मिळते का ते पाहा.

माहितीपत्रकातल्या ‘वर्षभरात तीस लाखांचे पॅकेज’ या वाक्यावर तर मी एक रुपयाही लावणार नाही. तरी ते खरे धरू. कर आणि भविष्यनिर्वाह निधी वजा जाता हाती महिना दोन लाखांच्या आसपास येतील आणि नोकरीसाठी मुंबईत राहावे लागल्यास निदान पन्नास हजार भाड्यात जातील. आज तुम्ही व्यावसायिकांसाठीच्या अनुमानित करआकारणीत 21 लाखांपैकी निम्मेच करपात्र दाखवता आणि तुम्हाला कर जवळपास लागत नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे पॅकेज मोठे दिसत असले तरी शिल्लक कमीच पडेल. काम आवडते म्हणून जायचे असेल तर अवश्य जा, पैशासाठी जाऊ नका.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे वळतो. मामेसासऱ्यांच्या आग्रहाखातर घेतलेल्या या पॉलिसींचा हप्ता वर्षाला तीन लाख, मुदत वीस वर्षे आणि विमाछत्र साठ लाखांचे. त्याशिवाय दुसरा आयुर्विमा नाही, घराचे कर्ज 45 लाख, पत्नी, शाळकरी मुलगी व आईवडील तुमच्यावर अवलंबून, आणि बँकेत शिल्लक चाळीस हजार! उद्या काही बरेवाईट झाले तर कर्ज फेडून घरच्यांच्या हाती पंधरा लाख उरतील; महिना लाखाचा खर्च धरला तर ते सव्वा वर्षात संपतील. अशा पॉलिसींतून परतावाही वर्षाला पाच-सहा टक्क्यांहून फारसा मिळत नाही. तीस लाखांच्या पॅकेजचे स्वप्न पाहणाऱ्या माणसाला हे कोणी सांगू नये, याचा मला संताप येतो. विकणाऱ्याला कमिशन मिळाले, एवढाच या व्यवहारातला निश्चित परतावा.

निरोगी माणसाला दोन कोटींची टर्म पॉलिसी (बचत नसलेला, मृत्यू झाल्यासच रक्कम देणारा विमा) वर्षाला तीस हजारांच्या आसपास मिळते. तुम्हाला रक्तदाबाची गोळी सुरू आहे, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल, पण अर्जात ती लपवू नका, नाहीतर पुढे दावाच अडकेल. ही पॉलिसी हाती येईपर्यंत जुन्या पॉलिसींना हात लावू नये. त्यानंतर पाचवा हप्ता न भरता त्या पेड-अप कराव्यात, म्हणजे हप्ते थांबवून कमी विमारकमेवर चालू ठेवाव्यात. चार हप्ते भरल्यामुळे मूळ विमारक्कम साठाची बारा लाखांवर येईल, आतापर्यंतचा बोनस कायम राहील आणि मुदतीअखेर दोन्ही मिळतील. पेड-अप आणि सरेंडर या दोन्हींचे आकडे विमा कंपनीकडून लेखी मागवा, कारण सरेंडर केल्यास भरलेल्या बारा लाखांतले निम्मे आजच जातात.

दरवर्षी सुटणाऱ्या तीन लाखांतून टर्मचा हप्ता भरून उरलेली रक्कम पहिली तीन वर्षे मुदत ठेवीत टाका, म्हणजे घरखर्च आणि कर्जाचे हप्ते धरून सहा महिन्यांची तजवीज होईल. मुंबईच्या नोकरीसाठी सोलापूरच्या रुग्णालयाचा राजीनामा तोवर लिहू नका.