जाहिरातीत आता सगळ्या आकाराच्या बायका दिसतात, मग दडपण कमी झालं का?

तुमचा प्रश्न असा आहे: पूर्वी जाहिरातीत फक्त शिडशिडीत, गोऱ्या, तुकतुकीत बायका असायच्या, आता जाड, सावळ्या, सुरकुत्या असलेल्याही दिसतात. तर मग बायकांवरचं दडपण कमी झालंय का? आणि वयात येणाऱ्या मुलीला हे सगळं कसं समजावायचं?

चेहरे बदललेत, धंदा तोच आहे, असं माझं मत. मी काही वर्षं जाहिरातींच्या फोटोंचं रिटचिंग, म्हणजे कंप्युटरवर फोटो ‘सुधारायचं’ काम केलंय, त्यामुळे माझं बोलणं जरा कडवट वाटलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, सौंदर्याचा साचा बदलणं यात नवीन काहीच नाही. तो सारखा बदलत आलाय आणि दर वेळी त्यातून कुणाचा तरी माल खपलाय. अमेरिकेत १९१५ मध्ये जिलेटने खास बायकांसाठी रेझर काढला. बिनबाह्यांचे कपडे तेव्हा नुकते रूढ होत होते. तोवर बायकांच्या काखेतल्या केसांची फारशी कुणाला पडलेली नव्हती. पण पुरुषांना विकून झालेली वस्तू उरलेल्या निम्म्या लोकांना विकायची, तर आधी त्यांना लाज वाटायला हवी. त्या काळापासूनच्या जाहिराती बघा, बाई हात वर करून उभी आणि मजकुरात नको त्या केसांची चिंता.

त्याहून गमतीची जोडी पुढची. १९२८ मध्ये लकी स्ट्राइक सिगारेटच्या जाहिराती बायकांना सांगत होत्या की गोड खायची इच्छा झाली तर त्याऐवजी सिगारेट ओढा, म्हणजे बांधा राहील. मिठाईवाले खवळले, कर्करोगाबद्दल मात्र तेव्हा कुणी ओरडत नव्हतं. आणि १९३० च्या दशकात ‘आयर्नाइज्ड यीस्ट’ नावाच्या गोळ्यांच्या जाहिराती नेमकं उलटं सांगत होत्या: हडकुळ्या मुलीकडे पुरुष ढुंकूनही बघत नाहीत, गोळ्या घ्या आणि अंग भरा. एकाच पिढीतल्या बाईने एका जाहिरातीप्रमाणे बारीक व्हायचं, दुसरीप्रमाणे भरायचं. १९६६ मध्ये सोळा वर्षांची ट्विगी ही काडीसारखी बारीक ब्रिटिश मॉडेल आली आणि भरलेलं अंग पुन्हा मोडीत निघालं. आत्ताही वजन उतरवायची इंजेक्शनं आल्यापासून रॅम्पवर बारीकपणा परत दिसायला लागलाय, लक्षात आलं असेल तुमच्या.

आता रिटचिंगबद्दल. लोकांना वाटतं की फोटोशॉप म्हणजे डाग काढणं. डाग हे सगळ्यात किरकोळ काम. क्लायंटकडून प्रिंटआउट यायचा, त्यावर लाल पेनाने गोल केलेले असायचे: काखेजवळची चुणी, गुडघ्यावरची घडी, कोपराचा काळसरपणा, मानेवरची आडवी रेघ. कंबर आत ओढायला लिक्विफाय नावाचं टूल असतं. त्याची पंचाईत अशी की कंबरेबरोबर मागची भिंतही वाकते. मागे टाइल्स किंवा खिडकीची चौकट असली की तासच्या तास त्या रेषा सरळ करण्यात जायचे. जाहिरातींत मॉडेलमागे इतक्या वेळा सपाट रंग का असतो, त्याचं हे एक बिनरोमँटिक कारण.

आणि ‘नैसर्गिक’ मोहिमांतही काम थांबायचं नाही, फक्त सूचना बदलायच्या. वांग असू दे, पण दोन्ही गालांवर सारखे दिसू दे. पोटाची एक वळी ठेव, दुसरी काढ. प्लस-साइज मॉडेल घ्यायची, पण जबडा रेखीव, कंबर खाली-वर पेक्षा बारीक आणि वजन सगळं ‘योग्य’ जागी. म्हणजे जाड असायलाही एक मंजूर पद्धत आहे.

डव्हची ‘रिअल ब्यूटी’ मोहीम २००४ ची. ती नुसतं ढोंग होती असं मी म्हणणार नाही. साध्या बायका मोठ्या होर्डिंगवर दिसणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. पण डव्ह युनिलिव्हरचं, आणि त्याच युनिलिव्हरकडे त्या वेळी वजन उतरवायचं स्लिमफास्ट होतं आणि फेअर अँड लव्हलीही होतं, ज्याच्या नावातलं ‘फेअर’ २०२० मध्ये निघालं. आहेस तशी छान आहेस, हे एका खिशातून. गोरी हो, बारीक हो, हे दुसऱ्या खिशातून.

याचा परिणाम खरंच होतो का, यावर मला सगळ्यात जास्त हलवलं ते फिजीतल्या अभ्यासाने. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अंगाने भरलेली बाई तिथे चांगली मानली जायची. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने टीव्ही आला तेव्हा आणि तीन वर्षांनी शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या, १९९८ मध्ये त्या ११.३ टक्के झाल्या. हा जाहिरातींपुरता अभ्यास नाही, मालिकाही त्यात आल्या, आणि एकट्या टीव्हीनेच सगळं घडवलं असंही यातून सिद्ध होत नाही. पण तीन वर्षांत एवढा फरक!

कायदे आलेत. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचा बांधा बदललेल्या जाहिरातीवर ‘रिटच केलेला फोटो’ असं छापावं लागतं, नाहीतर दंड ३७,५०० युरोपर्यंत. इस्रायलने त्याआधीच तसा कायदा केला होता. दुर्दैवाने अशी सूचना वाचून बायकांना स्वतःच्या शरीराबद्दल बरं वाटतं, असं बहुतेक प्रयोगांत दिसलेलं नाही. डोक्याला कळतं की फोटो खोटा आहे, तुलना तरीही होतेच. मी स्वतः ती कंबर आत ओढायचे आणि घरी जाऊन आरशात आपली बघायचे, यावरून काय ते समजा.

म्हणून मुलीला नुसतं “हे सगळं खोटं असतं” सांगून फारसा उपयोग होणार नाही. तिला ते आधीच माहीत असतं, बहुधा फिल्टर तुमच्यापेक्षा तिलाच चांगले वापरता येतात. “तू आहेस तशी सुंदर आहेस” हेही मी रोज म्हणणार नाही, कारण त्यातही विषय दिसण्याचाच राहतो. त्याऐवजी तिच्याबरोबर एखादी जाहिरात बघा आणि विचारा: हे विकतायत काय, आणि ते खपायला तुझ्यात काय कमी आहे असं तुला वाटायला हवंय? मुली यात पटकन पटाईत होतात आणि मग घरातल्यांची बोलणीही त्याच चाळणीतून काढतात. तेव्हा जेवताना स्वतःच्या वजनाबद्दल कुरकुरायची सवय असेल, तर ती आधी सोडा.