कॉम्प्युटर येतो ना, मग डिझाईनला घालू?

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला ७१ टक्के आहेत. ती तैलरंगात अमूर्त चित्रं काढते. आमच्या जुन्या घराच्या भिंतींचे फोटो काढायचे, कॉम्प्युटरवर ताणायचे, उलटवायचे, कॅनव्हासवर छापून आणायचे आणि वर रंगवायचं. अर्धं काम कॉम्प्युटरच करतो, मग रंगांचा पसारा कशाला? सरळ डिझाईनला घालावं म्हणतो. कुठलं कॉलेज बघू?
– एक पालक, सांगली

उत्तर : तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. फी आहे, हॉस्टेल आहे, नोकरी आहे. मुलीला काय वाटतं याची एक ओळ नाही. पण एक वाक्य डोक्यातून जाईना. सीईटी होईपर्यंत रंगांची पेटी तुम्ही माळ्यावर टाकलीत, टर्पेंटाइनचा वास अभ्यासाच्या खोलीत नको म्हणून. सीईटी होऊन महिना झाला, हेही तुम्हीच लिहिलंय. पेटी खाली आली का? आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तिच्या चित्राचा फोटो टाकून 'याचे किती येतील' असं विचारलंत, ते गमतीनं असेल. तिला ती गंमत वाटली नसणार. मार्कांपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

तो फोटो मी मोठा करून पाहिला. खाली पोपडे आलेली भिंत छापलीय, तिच्यावर पुराच्या पाण्याची रेघ. २०१९ ला कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हापासून अशा रेघा सांगलीकरांना सवयीच्या झाल्यात. तुमच्या लेकीनं ती आडवी रेघ कॉम्प्युटरवर फिरवून उभी केली, वर सुरीनं जाड गेरू ओढला आणि एका कोपऱ्यात तो पुसून भिंत पुन्हा उघडी केली. कुठं पुसायचं हे कॉम्प्युटरनं सांगितलेलं नाही.

'अर्धं काम कॉम्प्युटर करतो' हा गैरसमज बऱ्याच घरांत आहे. पडद्यावरचा रंग म्हणजे उजेड. चुकलं की बटण दाबून मागं जाता येतं. तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली पूड. तो पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतो, आणि जाड थर असेल तर आठवडेच्या आठवडे जातात. खालचा थर वरच्यापेक्षा तेलकट राहिला तर पुढं तडे पडतात. ही सगळी राखण हातानंच करावी लागते. आणि कॉम्प्युटर मोठे चित्रकारही वापरत आलेत. जर्मनीचे चित्रकार गेरहार्ड रिश्टर २०११ मध्ये ऐंशीला टेकले होते. त्यांनी स्वतःच्याच १९९० च्या एका अमूर्त चित्राचा फोटो घेतला, कॉम्प्युटरवर त्याच्या उभ्या चिरफळ्या केल्या, आरशातल्यासारख्या उलटवून जोडल्या आणि लांबच लांब पट्टे छापले. दुसरे जर्मन चित्रकार आल्बर्ट ओलेन तर १९९० च्या दशकातच कॉम्प्युटरवरच्या रेघोट्या कॅनव्हासवर छापून वर रंगवत होते. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर फिरवायचे, म्हणून त्यांना कुणी घराला रंग द्यायला बोलावलं नाही.

डिझाईन वाईट नाही. पण तिथं गिऱ्हाइकाची अडचण सोडवायची असते, आणि तशी ओढ असलेली मुलं वहीत बाटल्यांची लेबलं, ॲपचे पडदे काढत बसतात. तुमची मुलगी भिंती बघत बसते.

चित्रकलेत बी.एफ.ए. ही पदवी चार वर्षांची, राज्यातल्या कॉलेजांना एमएएच-एएसी-सीईटी ही कलेची वेगळी प्रवेश परीक्षा, बडोदा आणि शांतिनिकेतनचे प्रवेश वेगळे. पैशाचं खोटं सांगणार नाही. नुसती चित्रं विकून घर चालवणारे थोडे, बाकीचे जोडीला शिकवतात किंवा ऑर्डरची कामं घेतात. हे तिला माहीत आहे का, एवढं विचारा. विचारा म्हणतोय, ऐकवा नाही.

कॉलेजचं नाव आज देत नाही. पुढचं पत्र तिनं लिहावं आणि तुम्ही ते न वाचता पाठवावं. तिला माझा निरोप द्या : छपाईवर थेट तैलरंग नको, आधी पारदर्शक ॲक्रिलिक मीडियमचा हात मारून घे. आणि छपाई सुती कॅनव्हासवरच, फ्लेक्सच्या कापडावर नको.

एक दिवस काढून दोघं सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन या. तिथल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची तैलचित्रं आहेत. ती अमूर्त नाहीत, चालेल. कॅलेंडरवरचा छापील रविवर्मा आपण सगळ्यांनी पाहिलाय. मूळ कॅनव्हाससमोर पाच मिनिटं उभे राहा आणि ती काय दाखवते ते बघा. वाटेत नोकरीचा विषय काढू नका.

त्याआधी पेटी खाली काढा. झाकणं घट्ट असतील तर ट्यूबमधला रंग अजून मऊच असेल.