मेडिकल सोडून मेलेले पक्षी?

पत्र थोडक्यात असं: ‘दोंडाईच्याला माझं मेडिकल आहे. मुलगी बी.एस्सी. झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. कलकत्त्याच्या म्युझियमात दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइथ नावाच्या साहेबाबद्दल तिने कुठेतरी वाचलं आणि आता तेच करायचं म्हणते. मी म्हणतो डी.फार्म. कर, दुकान आयतं आहे. मेलेले पक्षी सांभाळून पोट भरतं का?’

नमस्कार,

आधी तुमच्या बाजूचं बोलतो. हा ब्लाइथ मुळात औषधवालाच होता. लंडनजवळ टूटिंगला त्याचं दुकान होतं. लक्ष सगळं पक्ष्यांत आणि पुस्तकांत, मग दुकान बसायचं ते बसलंच. लेकीने एवढा भाग तुम्हाला सांगितला नसेल!

पुढचंही तुमच्याच बाजूचं आहे. 1841 मध्ये, वयाच्या तिशीत, तो कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर म्हणून आला. पगार वर्षाला 300 पौंड, घरभाड्याचे महिन्याला 4 पौंड वेगळे. पुढची वीसेक वर्षं पगार तेवढाच राहिला, एक पैसा वाढला नाही. 1854 मध्ये लग्न केलं, खर्च वाढला. मग टोपणनावाने शिकारीच्या मासिकात लेख लिही, जिवंत प्राण्यांची खरेदी-विक्री कर, असे उद्योग सुरू झाले. या धंद्यात त्याने चार्ल्स डार्विनलाही ओढायचा प्रयत्न केला. डार्विनने नाही म्हटलं. 1857 मध्ये बायको गेली, तब्येत ढासळली आणि 1862 मध्ये तो इंग्लंडला परतला. पेन्शन वर्षाला 150 पौंड. 1873 मध्ये गेला, तेव्हा नुकतीच त्रेसष्ट वर्षं पूर्ण झाली होती.

आता लेकीची बाजू. याच माणसाने कलकत्त्याहून डार्विनला लांबलचक पत्रं लिहिली. हिंदुस्थानातली कबुतरं, कोंबड्या, गुरं, कुठली जात कुठून आली असावी, सगळं त्यांत होतं. डार्विनसारखाच उत्क्रांतीचा विचार करणाऱ्या वॉलेसच्या 1855 सालच्या लेखाकडे लक्ष द्या, असंही त्याने डार्विनला त्याच वर्षी कळवलं. सगळ्या पाळीव कोंबड्या रानकोंबड्यापासून आल्या, हे ब्लाइथचं मत डार्विनने आपल्या मुख्य ग्रंथात दिलंय, आणि या माणसाच्या मताला मी इतर जवळजवळ कोणाहीपेक्षा जास्त किंमत देतो, असं वर लिहिलंय. हिवाळ्यात आपल्याकडच्या झुडपांत ‘चक् चक्’ करत फिरणारा एक तपकिरी वटवट्या आहे. त्याचं शास्त्रीय वर्णन ब्लाइथने 1849 मध्ये केलं, आणि इंग्रजीत तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

तुम्ही विचाराल, नाव राहिलं पण खिशात काय? बरोबर आहे. माझ्या मते ब्लाइथचं विषय निवडण्यात चुकलं नाही. त्याच्या नोकरीला ना वेतनश्रेणी होती, ना बढती. त्यात स्वभाव असा की पक्ष्यांच्या नादात संग्रहालयाची बाकीची कामं मागे पडायची. कॅटलॉग तयार होत नाही म्हणून 1847 मध्ये सोसायटी नाराज झाली होती. कॅटलॉग न करणारा क्युरेटर म्हणजे स्टॉक रजिस्टर न लिहिणारा दुकानदार. लेकीला हे वाक्य जरूर ऐकवा.

आणि ‘मेलेले पक्षी’ म्हणता, तर एक तुमच्याच भागातलं सांगतो. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड आहे. 1884 नंतर ते खात्रीने कोणाला दिसलंच नव्हतं. संग्रहालयांत मोजून सातेक नमुने, त्यांतले काही आपल्या खानदेशातून जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने गोळा केलेले. एक नमुना मात्र 1914 सालचा, गुजरातमधल्या मांडवीचा, अशी नोंद होती. गोळा करणारा म्हणून नाव रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं. पामेला रासमुसेन या संशोधिकेने तो नमुना तपासला. कातडं पुन्हा उसवून भरलं होतं आणि मूळ शिवण थेट डेव्हिडसनच्या हातची! म्हणजे संग्रहालयातून चोरायचं, चिठ्ठी बदलायची आणि आपल्या नावावर खपवायचं. खोट्या पत्त्यामुळे आधीचे लोक भलतीकडे शोधत राहिले. तो पत्ता वगळून खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली आणि नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग वगैरेंना जिवंत रानपिंगळा दिसला. कुठे? शहाद्याजवळ. तुमच्याकडून तासाभराच्या रस्त्यावर.

तुम्ही औषधवाले, तुम्हाला हे चटकन कळेल. गोळ्यांची स्ट्रिप बॅच नंबरच्या बाजूने कापली तर उरलेल्या गोळ्या कंपनी परत घेत नाही. पक्ष्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीचं तसंच आहे. ठिकाण, तारीख, नर की मादी, कोणी गोळा केला. एवढं नसेल तर उरतो तो कापूस भरलेला पिसांचा गोळा.

आता व्यवहाराचं. नुसत्या बी.एस्सी.वर या क्षेत्रात काही नाही, हे तिला स्पष्ट सांगा. एम.एस्सी. झूलॉजी करावी आणि त्याच काळात सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेच्या लाइफ सायन्सेस विषयाची तयारी करावी. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37 हजार, पुढे 42 हजार, घरभाडं वेगळं. पीएच.डी. होईपर्यंत तुमच्याकडे पैसे मागायची वेळ येऊ नये. पुढची मुख्य जागा म्हणजे 1916 मध्ये सुरू झालेली झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया. मुख्यालय कोलकात्याला, पण पश्चिम विभागाचं केंद्र आपल्या पुण्यात, आकुर्डीला आहे. केंद्र सरकारची नोकरी, वेतनश्रेणी, बढती, म्हणजे ब्लाइथला जे मिळालं नाही ते सगळं. मुंबईत बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडेही लाखावर नमुन्यांचा संग्रह आहे. पण जागा थोड्या आणि भरती अनियमित, हे मी लपवणार नाही. या विषयात पीएच.डी. झालेले बरेच जण शेवटी कॉलेजात शिकवतात.

पक्ष्यांच्या मागे गर्दी फार आहे. कोळी, गोगलगायी, माश्या, किडे ओळखणारी माणसं कमी. तिने तिकडे वळावं, असं माझं मत.

डी.फार्म. बारावी सायन्सवर होतं आणि दोन वर्षांचं आहे. ती वाट आज सोडली म्हणून उद्या बंद होत नाही. तुम्ही स्वतः फार्मासिस्ट आहात, दुकान लगेच काही अडत नाही.

एक करून बघा. तुमच्या दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रात्री जे किडे मरून पडतात, ते तिने महिनाभर रोज गोळा करावेत. किड्याला टाचणी आणि टाचणीला चिठ्ठी. (पक्षी, मेलेला सापडला तरी, घरी आणू नये, 1972 चा वन्यजीव कायदा आहे.) रोजची नोंद वहीत. तिसाव्या दिवशी ती वही तुम्ही तपासा, ड्रग इन्स्पेक्टर तुमची तपासतो तशी. मधे किती दिवस कोरे गेलेत ते मोजा आणि मला कळवा.