दुसऱ्या गोलकीपरचे ग्लव्हज

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. शाळेच्या फुटबॉल संघात दोन वर्षं तो दुसरा गोलकीपर आहे, पण एकदाही मैदानात उतरलेला नाही. घरी मात्र रात्री दीडला उठून लिव्हरपूलचे सामने बघतो. परवा ग्लव्हज माळ्यावर टाकले आणि म्हणाला, सरावाला जाणार नाही. मला या खेळातलं फारसं कळत नाही. एकच क्लब एका वर्षात चार-चार स्पर्धा कशा खेळतो, हेही समजत नाही. मुलाला काय सांगू?
— एक आई, खानापूर

उत्तर : ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्याच्याच लिव्हरपूलच्या २०२१-२२ च्या मोसमात आहे.

पहिली इंग्लंडची प्रीमियर लीग, तिच्यात वीस संघ असतात. प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे ३८ सामने, आणि शेवटी गुणांची बेरीज. लीग कप आणि एफए कप या इंग्लंडच्याच बाद फेरीच्या स्पर्धा, हरला तो घरी गेला. चौथी चॅम्पियन्स लीग, युरोपभरातल्या बड्या क्लबांची. हे सगळं एकाच वेळी चालतं, कधी आठवड्याला तीन सामने. त्या मोसमात लिव्हरपूल चारही ठिकाणी अगदी शेवटपर्यंत टिकला. एकूण ६३ सामने झाले! अकरा जणांच्या पायांवर एवढं निभत नाही.

क्लबचा पहिला गोलकीपर अ‍ॅलिसन, जगातल्या उत्तमांपैकी एक. त्याच्यामागे बाकावर बसायचा २३ वर्षांचा केलेहर. लीग कपच्या उपांत्यपूर्व फेरीत लेस्टरविरुद्ध ३-३ बरोबरी झाली, तेव्हा शूटआउटमध्ये, म्हणजे निकालासाठी दोन्ही संघ आळीपाळीनं गोलकीपरसमोरून थेट फटके (पेनल्टी) मारतात त्यात, केलेहरनं दोन पेनल्टी अडवल्या. २७ फेब्रुवारी २०२२ ला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर चेल्सीशी अंतिम सामना होता. अ‍ॅलिसन तंदुरुस्त होता, तरी प्रशिक्षक क्लॉप यांनी केलेहरलाच उतरवलं. सुरुवातीलाच चेल्सीच्या पुलिसिकचा जवळून मारलेला फटका त्यानं अडवला. जादा वेळेनंतरही ०-०. शूटआउटमध्ये दोन्हीकडचे दहा-दहा खेळाडू मारून झाले, एकही चुकला नाही. मग गोलकीपरांची पाळी आली. केलेहरनं चेंडू ठेवला आणि जाळ्यात मारला. चेल्सीच्या केपाचा फटका बारवरून गेला. ११-१०.

मे महिन्यात एफए कपचा अंतिम सामनाही चेल्सीशीच, तोही ०-० वरून शूटआउटला गेला. तिथं अ‍ॅलिसननं चेल्सीच्या माउंटची पेनल्टी अडवली, पण कप जिंकून देणारी शेवटची पेनल्टी मारली सिमिकासनं. तो रॉबर्टसनच्या जागी बदली उतरलेला डावा बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू. दोन्ही कपांवर शेवटचा शिक्का राखीव खेळाडूचा, एवढं मुलाला नक्की दाखवा.

लीग मँचेस्टर सिटीकडे एका गुणानं गेली, ९३ विरुद्ध ९२. चॅम्पियन्स लीगच्या पॅरिसमधल्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदच्या कुर्त्वानं नऊ फटके अडवले आणि ०-१ नं हार झाली. ते दुःख मुलाला पाठ असेलच.

माझंही एक सांगतो. मीही कॉलेजात दुसरा गोलकीपर होतो. आपल्याला कोण खेळवणार, म्हणून सरावाला दांड्या मारायचो. एका पावसाळ्यात पहिल्याचं बोट मोडलं आणि मला बेळगावच्या त्या लाल चिखलात उभं केलं. पाच गोल खाल्ले. त्यातले दोन तरी सुटायला नको होते. हात वेळेत खाली गेलाच नाही. चाळीस वर्षं झाली, अजून सलतं. म्हणूनच आता माझ्याकडे येणाऱ्या दुसऱ्या गोलकीपरला मी पहिल्याइतकेच चेंडू मारतो.

त्याच्या सरांना भेटा. मैत्रीच्या सामन्यात निदान दुसरा हाफ त्याला द्या म्हणावं, हे मागणं रास्त आहे. आणि रविवारी सकाळी त्याला टिळकवाडीच्या लेले मैदानावर पाठवा, मी साडेसहापासून असतो. माळ्यावरचे ग्लव्हज मात्र आजच काढा. कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. उन्हात ठेवले की तळव्याचं रबर तडकतं आणि ओला चेंडू हातात राहत नाही.