विंगेतून: ‘मेकअप नको, लाइट्स शिकायचे आहेत’

प्रश्न: मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एकांकिकेत मला अभिनय करायचा नाही, सेट आणि लाइट्स शिकायचे आहेत. पण ग्रुपमधली मुलं म्हणतात, ‘तू मेकअप आणि कपडे बघ, हातोडी आमच्याकडे राहू दे.’ सुरुवात कशी करू? नागपुरात हे कुठे शिकता येईल?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर: बेटा, तुला अगंतुगंच करतो, माझी धाकटी लेक तुझ्याएवढीच आहे.

त्या मुलांशी भांडत बसू नको. पुढच्या तालमीला टेप घेऊन जा. ज्या हॉलमध्ये प्रयोग आहे तिथल्या स्टेजची रुंदी किती, खोली किती, विंगेत खुर्ची ठेवून माणूस जाऊ शकतो का, हे त्यांच्यातल्या एकालाही सांगता येणार नाही. पैज लाव. तू मोजून आण आणि आलेखाच्या कागदावर फुटाला अर्धा इंच धरून उतरव. मधोमध उभी रेघ मार. डावी-उजवी बाजू नटाची धरायची, प्रेक्षकाची नव्हे. मग दार, खिडकी, पलंग सगळं त्यावर मांड. हा कागद ज्याच्या हातात, त्याला विचारल्याशिवाय स्टेजवर स्टूलसुद्धा हलत नाही.

हातोडी त्यानंतर. लकडगंजातून लाकडी पट्ट्या आण, गांधीबागेतून मांजरपाट, आणि 8 बाय 4 फुटांचा एक फ्लॅट, म्हणजे कापड ताणलेली लाकडी चौकट, स्वतः बांध. चौकट काटकोनात आहे का ते डोळ्याने ठरवू नको. दोन्ही कर्ण मोज. ते सारखे हवेत, 8 फूट 11 इंचांच्या किंचित वर. एक लांब, एक आखूड आला तर चौकट तिरपी झाली. असे तीन फ्लॅट शेजारी लावले की भिंतीत फटी दिसतात आणि मागचा दिवा त्यातून डोकावतो. फ्लॅटला मागून टेकू आणि टेकूवर वाळूची पिशवी. दार आपटलं की भिंत हलते, तो हशा कोणत्याही करुण प्रसंगाची वाट लावतो.

लाइट्सचं मात्र आधी गणित. 1000 वॉटचा दिवा 230 व्होल्टवर सव्वाचार अँपिअरपेक्षा जरा जास्त करंट ओढतो. 15 अँपिअरच्या पॉइंटवर असे तीन चालतात, चौथा नाही. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. 1989 साली एका स्नेहसंमेलनात मी एकाच पॉइंटवर चार हॅलोजन जोडले होते, आणि त्याच लाइनवर हॉलचे पंखेही होते. नायकाची आई शेवटचा श्वास घेते, तिथे मी चौथा दिवा चढवला आणि अख्खा हॉल गुडुप. लोकांना वाटलं ब्लॅकआऊट, कडाडून टाळ्या पडल्या. दिग्दर्शकाने पाठ थोपटली, मीही गुपचूप थोपटून घेतली. खरं तर फ्यूज उडाला हे नशीब. तो उडत नाही आणि वायर आतल्या आत तापत राहते, ते जास्त वाईट. म्हणून मेन लाइनला तू हात लावायचा नाही. तिथे हॉलचा वायरमनच हवा. उंचावर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय सेफ्टी चेन हवी.

दिवा कुठून टाकायचा, याला आपल्या नागपुरात फुकटचं साधन आहे: संत्रं. खोलीत अंधार कर, संत्रं टेबलावर ठेव, टॉर्च अगदी समोरून मार. ते चपटं दिसेल. डोक्यावरून मार, खालचा अर्धा भाग काळा. आता समोर डाव्या-उजव्या बाजूंनी, साधारण 45 अंश वरून दोन टॉर्च. एकीवर पिवळसर जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद), दुसरीवर निळसर. गोलाई लगेच उठते, सालीवरचे खड्डेही मोजता येतात. चेहऱ्याचंही तेच. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅनली मॅककँडलेसने ही पद्धत 1932 मध्ये मांडली. अजून तिच्यावर काम भागतं.

एक गोष्ट काही मंडळींना आवडणार नाही. रंगमंचावर चप्पल काढून जायची आपली रीत आहे, मीही पाळतो. पण सेट लावताना आणि काढताना पायात जाड तळव्याचे बूट हवेतच. माझ्या टाचेत उलटा पडलेला खिळा गेला तेव्हा मी अनवाणी, भक्तिभावाने उभा होतो. नटराजपूजेच्या वेळी काढ की बूट, कोण नको म्हणतं?

आता कुठे शिकायचं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण तिथे पदवी लागते आणि नाटकात काम केल्याचा अनुभवही. म्हणजे तुला दोनेक वर्षं आहेत. तोवर राज्य नाट्य स्पर्धेची नागपूर केंद्रावरची प्राथमिक फेरी लागली की एखाद्या संघाकडे जा आणि ‘सामान उचलते’ म्हण. उचलणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही, मुलगी असली तरी. दिवाळीनंतर जमलं तर घरच्यांना घेऊन गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडे झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, एक नाटक बघ. उघड्या मैदानात मंडप, रात्रभर प्रयोग. नाटक थोडं कमी बघ, प्रवेश बदलताना विंगेतली माणसं काय करतात ते जास्त बघ.

प्रश्न: शाळेच्या गॅदरिंगसाठी सात एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे) घेतले. प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या जुन्या डिमरवर लावले तर लुकलुकतात. दुकानदार म्हणतो माल चांगला आहे.
– एक शिक्षिका, महाल

उत्तर: बाई, दुकानदार खरं बोलतोय. डिमर विजेच्या लहरीचा तुकडा कापतो. हॅलोजनची तार तापलेली राहते, म्हणून ते डोळ्याला कळत नाही. एलईडीच्या आतल्या सर्किटला पूर्ण वीज लागते. डिमरवर ठेवलात तर ते जळेलही. सातही दिवे थेट पॉइंटवर घ्या आणि कमी-जास्त करायला डीएमएक्स कंट्रोलर वापरा, तो केबलवरून प्रत्येक दिव्याला हुकूम पाठवतो. दिवा सात चॅनेलचा असेल, म्हणजे रंग, तेज वगैरे सात गोष्टी वेगवेगळ्या बदलता येत असतील, तर पहिल्याचा पत्ता (त्याचा पहिला चॅनेल) 1, दुसऱ्याचा 8, तिसऱ्याचा 15, असं. सगळे एकदमच बदलायचे असतील तर सगळ्यांना 1 द्या, काम सोपं. माइकची केबल डीएमएक्सच्या केबलसारखीच दिसते म्हणून ती जोडू नका, ऐन समूहगीतात दगा देते. आधी एकच दिवा जोडून बघा, बाकीचे सहा खोक्यातच राहू द्या.