आधी मेन पॅनेल उघडून बघ

अरे, बिल्डिंगवर सोलर बसवायचं तर इन्व्हर्टर (सोलरची डीसी वीज एसी करणारं यंत्र) कोणता घेऊ हे नंतर विचार. आधी बिल्डिंगच्या मेन पॅनेलचं झाकण उघडून बसबारचं (सगळे ब्रेकर जिला जोडलेले असतात ती धातूची पट्टी) रेटिंग, म्हणजे तो किती अँपिअर पेलतो, ते वाच. नवखे लोक फक्त मेन ब्रेकरचा (ग्रिडकडून येणारी वीज तोडणारा मुख्य स्विच) आकडा बघतात आणि तिथेच फसतात. बसबारला करंट आता दोन्हीकडून मिळणार: ग्रिडकडून आणि सोलरकडून. मेन ब्रेकरला सोलरचा करंट दिसतच नाही, त्यामुळे बसबार तापला तरी तो ट्रिप होणार नाही.

अमेरिकन वीज कोडमध्ये यासाठी १२० टक्क्यांचा नियम आहे: मेन ब्रेकर आणि सोलर मिळून बसबारच्या रेटिंगच्या १२० टक्क्यांपर्यंतच. बसबार ४०० अँपिअरचा आणि मेनही ४०० चा असेल, तर ४८० वजा ४००, म्हणजे ८० अँपिअर उरतात. इन्व्हर्टरचा आउटपुट करंट सव्वापट धरायचा, म्हणून प्रत्यक्षात ६४ अँपिअरचाच इन्व्हर्टर बसतो. शिवाय सोलरचा ब्रेकर मेनच्या विरुद्ध टोकाला हवा. मधे कुठेतरी रिकामी जागा दिसली म्हणून खोचू नकोस!

मोठ्या सिस्टिमला एवढं पुरत नाही. मग मेन ब्रेकरच्या आधी, मीटरच्या बाजूला जोडणी करतात. तिथला फॉल्ट करंट (शॉर्टसर्किट झाल्यावर वाहणारा) प्रचंड असतो, त्यामुळे डिस्कनेक्ट स्विच तेवढ्या किलोअँपिअरचा आहे ना ते तपास. या जोडणीसाठी वीज कंपनीकडून सप्लाय बंद करून घ्यावा लागतो. मेन पाडला तरी त्याच्या वरची बाजू जिवंतच राहते.

मेनमध्ये ग्राउंड फॉल्ट प्रोटेक्शन (करंट जमिनीकडे गळला तर वीज तोडणारी सोय) असेल तर ते सोलरकडून येणाऱ्या उलट्या दिशेच्या करंटला चालतं का, हे उत्पादकाकडून लेखी घे. मी एकदा तोंडी होकारावर विसंबलो होतो, पॅनेल बदलावं लागलं.