जमावातल्या हाणामारीत फक्त उभा असलेल्यालाही मारणाऱ्याइतकीच शिक्षा होते का?

होऊ शकते. पाच किंवा जास्त जणांचा जमाव एका गैरकायदेशीर उद्देशाने आला आणि तो साधताना एकाने गुन्हा केला, तर जमावातला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा दोषी ठरतो. पूर्वी हे भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम १४९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १९०. म्हणजे खून झाला तर काठी न उगारणाऱ्यालाही जन्मठेप लागू शकते.

पण नुसतं तिथे असणं पुरेसं नाही. उद्देशात सामील होता हे सरकार पक्षाने सिद्ध करावं लागतं. आरडाओरडा ऐकून घराबाहेर आलेला शेजारी आरोपी ठरत नाही, आणि गावाकडच्या भांडणात फिर्यादीत अख्खं घर गोवलं जातं म्हणून हे फार महत्त्वाचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या मसाल्टी खटल्यात मोठ्या जमावाच्या बाबतीत दोन-तीन साक्षीदारांची सुसंगत साक्ष हवी, ही कसोटी मान्य केली. वकिलाला आधी हेच विचारा: आपल्या माणसाचं नाव किती जणांनी घेतलं, आणि पहिल्या जबाबात घेतलं का?

खून किंवा गंभीर दुखापत नसेल तर दंग्याला कमाल दोन वर्षं, घातक शस्त्र हाती असेल तर पाच. अशा वेळी पहिलाच गुन्हा आणि वय एकवीसच्या आत असेल, तर १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली, तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची मागणी जरूर करा.